घरच्या सरकीची पऱ्हाटी एकसारखी का येत नाही?

प्रश्न : वावरातील नोंदवही (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमचे सहा एकर कोरडवाहू वावर आहे आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक भागात दरवर्षी पऱ्हाटी (कपाशी) असते. गेल्या खरिपात दुकानातून आणलेल्या बीटी (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या) संकरित बियाण्याची पऱ्हाटी मनासारखी आली होती. पहिल्या वेच्याच्या आधी मी स्वतः सगळे वावर फिरून भरपूर व मोठ्या बोंडांची वीस झाडे निवडली आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या. त्यांचा कापूस वेगळा वेचला, तो विकायला न पाठवता घरीच बसून सरकी काढली, आणि सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे शेणमातीत घोळून, सावलीत वाळवून ती मडक्यात ठेवली. यंदा मृगाचा पाऊस झाल्यावर अर्ध्या एकरात ही घरची सरकी टोबली आणि लागूनच पाकिटातील नवे बियाणे टोबले. दोन्हीकडे जमीन, खत, डवरणी आणि निंदण सारखेच होते.

आता दसरा झाला आहे. पाकिटाची झाडे कंबरेच्या वर एका पातळीत उभी आहेत. घरच्या सरकीच्या झाडांपैकी सव्वाशे झाडांची उंची मी वहीत उतरवली, तर सर्वांत ठेंगणे झाड दीड फुटाचे आणि सर्वांत उंच साडेचार फुटांचे निघाले. काही झाडे पंधरा दिवस आधी फुलली, तर काहींना अजून पात्याच (कळ्या) लागत आहेत. बोंडेही लहान-मोठी आहेत. काही झाडांची पाने गुळगुळीत आहेत आणि तुडतुड्यांनी त्यांच्या कडा लाल केल्या आहेत. त्यांच्या शेजारीच दाट लव असलेल्या पानांचे झाड हिरवेगार उभे आहे.

माझे सासरे सांगतात की त्यांच्या उमेदीच्या काळात ते एलआरए ५१६६ हे वाण लावत, त्याची घरचीच सरकी चार-चार वर्षे चाले आणि झाडे एकसारखी येत. मग माझ्या निवडीत काय चुकले? मी तर उत्तमातली उत्तम झाडे घेतली होती. मुलगी नववीला आहे आणि तिच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे. त्यातील वाटाण्याचे गणित आमच्या वावराला लागू होते का, असे तिने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. कृपया कोणी नीट समजावून सांगावे.

उत्तर : खारपाणपट्टा (दर्यापूर, जि. अमरावती)

ताई, तुमच्यासारखाच प्रयत्न मी काही वर्षांपूर्वी दोन एकरांवर केला होता आणि एक हंगाम गमावला होता, म्हणून तुमचे दुःख मला कळते. आमच्याकडे याला बी उतरणे म्हणतात. एकाच जमिनीत तेच बी पुन्हा टाकले की जमीन त्याला मानत नाही, त्याचा जोर कमी होतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी बी बदलावे असे आमचे वडील सांगत. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या सरकीतही हेच झाले असावे. शिवाय यंदा पोळ्यापर्यंत पाऊस खंडून खंडून आला, त्यामुळे हलक्या जागेवरची झाडे मागे राहिली असतील. सरकी शेणमातीत घोळण्यात काही चूक नाही, आम्हीही तसेच करत होतो. यापेक्षा अधिक शास्त्रीय उत्तर येथील जाणकारांनी द्यावे.

उत्तर : निवृत्त विज्ञान शिक्षक (वर्धा)

ताईंनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि उंचीची नोंद केली, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वहीतच आहे. दर्यापूरच्या काकांचा अनुभव खरा आहे, मात्र त्याचे कारण जमिनीत नाही. जमीन किंवा पावसाचा खंड हे कारण असते, तर त्याच पट्ट्यातील पाकिटाची झाडेही खालीवर झाली असती. ती एका पातळीत आहेत, याचा अर्थ फरक बियाण्याच्या आतून आला आहे.

संकरित बियाणे दोन वेगळ्या, परंतु प्रत्येकी शुद्ध असलेल्या वाणांपासून तयार होते. शुद्ध म्हणजे असे की त्या वाणाच्या झाडात प्रत्येक गुणाच्या जनुकाच्या (म्हणजे तो गुण ठरवणाऱ्या वारशाच्या घटकाच्या) दोन्ही प्रती सारख्याच असतात. एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून, अशी जोडी बहुतेक झाडांत आणि प्राण्यांत असते. समजा आईच्या वाणात उंचीच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती उंच प्रकारच्या आहेत आणि बापाच्या वाणात दोन्ही ठेंगण्या प्रकारच्या आहेत. त्यांच्या संकरातून येणाऱ्या प्रत्येक दाण्यात एक उंच आणि एक ठेंगणी अशी प्रत येणार, कारण दुसरे काही येण्याची सोयच नाही. म्हणून पाकिटातील सारी झाडे एकसारखी दिसतात. पण ती शुद्ध असल्यामुळे नव्हे, तर सगळी सारख्याच प्रकारे मिश्र असल्यामुळे. विक्रेत्याकडून आणलेल्या बियाण्यातील एकसारखेपणाचा आपण सर्वजण चुकीचा अर्थ लावतो आणि माझ्या मते सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

हे मिश्र झाड स्वतःचे परागकण आणि बीजांडे तयार करते तेव्हा जोडी फुटते आणि प्रत्येक परागकणाला दोहोंपैकी एकच प्रत मिळते. कपाशीचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे पुढच्या पिढीत चारांतील एका दाण्यात दोन्ही प्रती उंच, दोघांत मिश्र आणि एकात दोन्ही ठेंगण्या अशी वाटणी होते. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर हेच पाहिले. उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकराची पहिली पिढी सगळी उंच निघाली. तिच्यापासूनच्या १,०६४ झाडांत मात्र ७८७ उंच आणि २७७ बुटकी झाडे आली, म्हणजे जवळजवळ तीनास एक. पहिल्या पिढीत दिसेनासा झालेला बुटकेपणा नष्ट झाला नव्हता, तो झाकला गेला होता. हे काम त्यांनी १८६५ मध्ये वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये छापले, पण १९०० पर्यंत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

आपल्या मुलीला असा प्रश्न पडेल की वाटाण्यात उंच आणि बुटके असे दोनच गट पडले, मग तुमच्या वहीत दीड फुटापासून साडेचार फुटांपर्यंत सगळ्याच उंचीची झाडे कशी? कपाशीची उंची एका जनुकावर ठरत नाही, ती अनेक जनुकांच्या बेरजेने ठरते. उदाहरणासाठी समजा की चारच जनुके आहेत आणि प्रत्येकाची उंच प्रत झाडाला थोडी थोडी उंची देते. मिश्र झाडांच्या संततीत २५६ पैकी सरासरी एकच झाड आठही उंच प्रती मिळवून सर्वांत उंच होईल, एकच सर्वांत ठेंगणे होईल, आणि ७० झाडे बरोबर मधल्या उंचीची येतील. बाकीची या टोकांच्या दरम्यान विखुरतील, आणि जमिनीच्या लहानसहान फरकांमुळे त्यांच्यातील पायऱ्याही पुसल्या जातील. वहीतील सव्वाशे उंचींचे अर्ध्या-अर्ध्या फुटाचे गट पाडून मुलीला त्यांच्या खुणा कागदावर मांडायला सांगा. मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार असा आकार आला, तर धड्यातील गणित आपल्या वावरात कसे दिसते हे तिला स्वतःलाच कळेल.

उत्पन्नाचेही असेच आहे. दोन भिन्न वाणांच्या संकराला जो जोम येतो, त्याचे एक मोठे कारण असे की एका वाणातील सदोष प्रती दुसऱ्या वाणातील चांगल्या प्रतींमुळे झाकल्या जातात. पुढच्या पिढीत निम्म्या मिश्र जोड्या शुद्ध होतात, त्यांतील काही सदोष बाजूने शुद्ध होतात, आणि जोम घटतो. काका ज्याला बी उतरणे म्हणतात ते संकरित वाणाच्या बाबतीत हेच आहे. बी थकलेले नसते, त्यातील जोड्या फुटलेल्या असतात.

सासऱ्यांचे सांगणेही पूर्ण खरे आहे. एलआरए ५१६६ हे सरळ वाण होते. त्याच्या जोड्या आधीच शुद्ध होत्या, त्यामुळे फोडण्यासारखे आत काही नव्हतेच आणि सरकी आईबापासारखीच उगवत असे. भारतात कपाशीचा पहिला व्यापारी संकर, एच-४, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये सुरत येथे दिला. त्यानंतर आपल्याकडेही संकरित वाणे आली, आणि बीटी आल्यानंतर तर दुकानातील जवळजवळ सगळीच पाकिटे संकरित झाली. घरच्या सरकीचा जुना अनुभव खोटा ठरला तो या बदलामुळे. नवे बियाणे मुळातच वेगळ्या प्रकारचे आहे, हे मात्र पाकीट विकताना कोणी समजावून सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

वावरातील नोंदवही

सर, आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मुलीने रात्री बसून आकृती काढली आणि मधला उंचवटा खरोखरच आला. दोन शंका मात्र उरल्या आहेत. पहिली अशी की निवडलेल्या वीस झाडांचा कापूस गेल्या वर्षी अगदी एकसारखा होता, धागाही सारखाच लांब होता. ज्या सरकीवर तो कापूस आला तीच सरकी जर आतून वेगवेगळी होती, तर कापसात काहीच फरक का दिसला नाही? दुसरी शंका बोंडअळीची. घरच्या सरकीच्या काही झाडांवर हिरव्या बोंडअळीने बोंडे पोखरली आहेत आणि शेजारची झाडे स्वच्छ आहेत. बीटी उतरते का?

उत्तर : बीजोत्पादन प्लॉट (जि. बुलढाणा)

ताई, मी कृषी पदवीधर आहे आणि काही वर्षे कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर काम केले आहे. संध्याकाळी मादी वाणाच्या उद्या उमलणाऱ्या कळ्यांतील पुंकेसर नखाने काढून टाकायचे, खुणेचा दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग त्यावर फिरवायचे, असे एकेका फुलावर हाताने काम चालते. संकरित बियाणे महाग असण्यामागे ही मजुरीही आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी बायाच करतात.

आपली पहिली शंका फार मोलाची आहे. कापसाचा प्रत्येक धागा ही सरकीच्या बाहेरच्या सालीतून लांब वाढलेली एकच पेशी असते, आणि सरकीची साल ही आईच्या झाडाच्या शरीराचा भाग असते. बोंडाची साल, धागा आणि सरकीचे टरफल हे सगळे आईचे. पुढची पिढी सुरू होते ती टरफलाच्या आत, म्हणजे ज्याच्यापासून तेल निघते त्या गरात. तुमची वीसही झाडे एकाच प्रकारची मिश्र झाडे असल्यामुळे त्यांचा कापूस एकसारखा निघाला, पण त्याच बोंडातील शेजारच्या दोन सरक्यांच्या आतील अंकुर सख्ख्या भावंडांइतके वेगळे होते. डोळ्यांना तो फरक यंदा दिसला, झालेला होता तो गेल्या वर्षीच, फूल फळले त्या दिवशी.

आता बीटी. झाडात बोंडअळीला मारणारे विष तयार करणारे हे जनुकही इतर जनुकांसारखेच वारशाने जाते. आपल्याकडील बीटी संकरात सहसा ते एकाच पालकाकडून आलेले असते, म्हणून पाकिटातील झाडात त्याची एकच प्रत असते आणि जोडीची दुसरी जागा रिकामी असते. जोडी फुटली की पुढच्या पिढीत चारांतील एका झाडात ते अजिबात नसते. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीत एकच जनुक होते, २००६ पासून दोन जनुकांची बीटी आली. दोन जनुके स्वतंत्रपणे वाटली जातात असे धरले, तर १६ झाडांपैकी सरासरी ९ मध्ये दोन्ही, ३ मध्ये फक्त पहिले, ३ मध्ये फक्त दुसरे आणि १ मध्ये एकही नसते. आपल्या मुलीच्या पुस्तकातील नऊ-तीन-तीन-एक ते हेच. हिरव्या अळीने पोखरलेली झाडे बहुधा या शेवटच्या गटातील, किंवा एकाच जनुकावर उभी असलेली असावीत. बीटी उतरत नाही. ज्या झाडाला मिळाले त्याच्याकडे ते असते, ज्याला मिळाले नाही त्याच्याकडे अजिबात नसते.

यातून एक गोष्ट निघते जी घरच्या सरकीपुरती मर्यादित नाही, आणि ती प्रत्येक कास्तकाराला माहीत असावी असे मला फार वाटते. पाकिटातील बियाण्याच्या झाडावर येणारे बोंड घ्या. त्यात ३२ सरक्या आहेत असे धरू. वरच्याच हिशेबाने त्यांपैकी सरासरी १८ सरक्यांच्या गरात दोन्ही विषे असतात, १२ सरक्यांत एकच असते आणि २ सरक्यांत काहीही नसते. गुलाबी बोंडअळी पानांवर फिरत नाही. ती लहानपणीच बोंडात शिरते आणि आत राहून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण विषारी, अर्धे विषारी आणि बिनविषारी असे अन्न शेजारी शेजारी मिळते. थोडी सहनशक्ती असलेल्या अळीला जगून वाढण्यासाठी याहून सोयीची जागा नाही. सरळ वाणात बीटी जनुकाच्या दोन्ही प्रती असल्या, तर सगळ्या सरक्या सारख्याच विषारी असतात आणि अशी पायरी अळीला मिळत नाही. जगातील बहुतेक कापूस उत्पादक देश सरळ वाण लावतात, आपण संकर लावतो, आणि हा फरक केवळ बियाण्याच्या खर्चापुरता नाही.

अळीही सजीवच आहे, तिच्यातही वेगळेपण आहे. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांतही विष पचवण्याची ताकद कमी-जास्त असते, आणि तो गुण त्यांच्या पिल्लांत उतरतो. शेताच्या कडेला बिनबीटी कपाशीच्या ओळी लावा असे सांगितले जाई, पाकिटासोबत त्याचे वेगळे बियाणेही मिळत असे, त्याचा हेतू हाच होता की तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी विष पचवणाऱ्या पतंगांचा संकर व्हावा, संततीतील जोड्या मिश्र राहाव्यात आणि त्या अळ्या विषाने मराव्यात, कारण हा प्रतिकार बहुतांशी अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती असल्या तरच परिणाम दाखवणाऱ्या जनुकावर अवलंबून असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या ओळी लावल्या नाहीत, मीही घरच्या शेतात लावल्या नव्हत्या. एका जनुकाच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही असे गुजरातेत २००९-१० च्या सुमारास आढळले, पुढे दोन जनुकांचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात या अळीने कपाशीचे जे नुकसान केले, त्यात यवतमाळसह सगळ्या विदर्भाने काय भोगले ते येथे सांगण्याची गरज नाही. उशिरापर्यंत उभी ठेवलेली फरदड आणि जिनिंगच्या आवारात पडून राहिलेली किडकी सरकी यांनी त्यात भरच घातली. पण मुळाशी वारशाचाच नियम होता: आपण दरवर्षी, नकळत का होईना, विष पचवणाऱ्या अळ्यांचीच बियाण्यासाठी निवड करत गेलो.

खारपाणपट्टा

आतापर्यंत जमिनीला दोष देत आलो, तो चुकीचा होता हे मान्य करतो. मग एक विचारतो. माझे सोयाबीन आणि तूर घरच्याच बियाण्याची असते. सोयाबीन वर्षानुवर्षे सारखे येते, तुरीत मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोठे उंच, कोठे पसरट, कोठे लाल दाण्यांत पांढरा दाणा असे दिसू लागते. दोन्ही वाणे सरळच आहेत, मग हा फरक कशाचा?

निवृत्त विज्ञान शिक्षक

काका, फरक फुलाचा आहे. सोयाबीनचे इवलेसे फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळून जाते, त्यात परका पराग जवळजवळ येतच नाही, म्हणून सरळ वाण वर्षानुवर्षे शुद्ध राहते. घरच्या सोयाबीनमध्ये भीती वाणाची नसून उगवणीची असते. त्याचे टरफल नाजूक आहे, पोती आदळली की अंकुर दुखावतो, म्हणून पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून निदान ७० उगवतात का, हे पाहावेच. तुरीच्या फुलावर मधमाश्या आणि भुंगे येतात, शेजारच्या वावरातील पराग आणतात, आणि पुढच्या वर्षी आपल्याच बियाण्यात मिश्र जोड्या तयार झालेल्या असतात. कपाशी या दोहोंच्या मध्ये पडते. तिचे बियाणे प्रमाणित करताना इतर वाणांपासून ३० मीटर, आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणे तयार करतात) ५० मीटर अंतर ठेवावे लागते ते यासाठीच. जाता जाता सांगतो, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) देशी कपाशीची भीती बाळगू नये. देशी कपाशीत २६ गुणसूत्रे (जनुके वाहून नेणारे धागे) असतात आणि पाकिटातील अमेरिकन कपाशीत ५२. त्यांचा चुकून संकर झालाच तरी त्या झाडाला सहसा बी धरत नाही.

ताईंच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. त्यांनी विचारले होते की निवडीत काय चुकले. निवड फार काळजीने केली होती, पण ती अशा ठिकाणी केली होती जेथे निवडण्यासारखे काही नव्हते. पाकिटातील सारी झाडे आतून सारखीच असतात. त्यांतील एखादे अधिक फळले, तर त्याचे कारण बहुधा त्याच्या मुळाशी असते: खताचा ढीग तेथे उतरला होता, शेजारचे झाड मेल्याने जागा मोकळी मिळाली, पाणी थोडे जास्त मुरले. उकिरड्याच्या जागी वाढलेल्या झाडाची उंची त्याच्या सरकीत उतरत नाही. डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर हे दाखवले. शुद्ध वंशाच्या एकाच झाडाच्या संततीतील जड दाणे आणि हलके दाणे त्यांनी वेगवेगळे पेरले, तर दोन्हींपासून सरासरी सारख्याच वजनाचे दाणे मिळाले. निवड करूनही काही साधले नाही, कारण त्या दाण्यांतील फरक परिस्थितीचा होता, वारशाचा नव्हता. जनुक या अर्थाचा जीन हा शब्दही त्यांनीच पुढे १९०९ मध्ये रूढ केला.

पण ताई, आता यंदाचा तुमचा अर्धा एकर पाहा. तेथे पहिल्यांदाच आतून वेगळी असलेली झाडे उभी आहेत. ज्या तुकड्याने तुम्हाला निराश केले, निवडीला अर्थ आहे तो त्याच तुकड्यात. लवदार पानांचे, तुडतुड्यांना न जुमानणारे, लवकर फुललेले आणि अळी न लागलेले झाड जर तेथे असेल, तर त्याच्या गुणांपैकी काही भाग खरोखर वारशाचा आहे. कोणता भाग वारशाचा आणि कोणता जागेचा, हे एका झाडाकडे पाहून सांगता येत नाही. त्याच्या सरकीची वेगळी ओळ टोबली की कळते. ओळीतील बहुतेक लेकरे आईसारखी निघाली, तर गुण आतला. सगळी विखुरली, तर आईतील जोड्या अजून मिश्र आहेत, किंवा दिसलेला गुण जागेचा होता.

यात कष्ट आणि वेळ किती लागतो तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी तुमची दिशाभूल केल्यासारखे होईल. दर पिढीत मिश्र जोड्या निम्म्याने कमी होतात: यंदा निम्म्या, पुढे पाव, मग आठवा भाग. सहाव्या फेरीपर्यंत चौसष्टावा भाग उरतो आणि तेव्हा कोठे ओळ स्थिर झाली असे म्हणता येते. कपाशीची वर्षाला एकच पिढी मिळते. म्हणून घराचे उत्पन्न यावर टांगू नका. पोटासाठीच्या पिकाला प्रमाणित बियाणेच घ्या. घरची सरकी राखायची इच्छा असेल, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सरळ वाणांची चौकशी करा. कोरडवाहू आणि हलक्या जमिनीत जवळ जवळ लावून ती घेण्याचा सल्ला तेथील तज्ज्ञ देतात, आणि बीटी जनुक असलेली सरळ वाणेही नागपूरच्या संस्थेने तयार केली आहेत. बियाणे राखून पुन्हा पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने मान्य केलेला आहे, ही गोष्टही लक्षात असू द्यावी.

वावरातील नोंदवही

सर, काल सासऱ्यांना घेऊन वावरात गेले. हे सगळे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच पुढे होऊन झाडे दाखवू लागले. आम्ही बारा झाडांना चिंध्या बांधल्या आहेत. सगळी लवदार पानांची, अळी न लागलेली आहेत, आणि धुऱ्यापासून व गेल्या वर्षीच्या खताच्या ढिगापासून दूरची मुद्दाम घेतली. पाऊण एकराला पुढच्या वर्षी सरळ वाण लावण्याचे घरात ठरले आहे. या बारा झाडांसाठी वावराच्या मध्यावर बारा ओळींची जागा ठेवणार आहोत. दोन गोष्टी सांगाव्यात: शेजारचा पराग येऊ नये म्हणून आता काय करावे, आणि एका झाडाच्या किती सरक्या टोबाव्यात?

बीजोत्पादन प्लॉट

ताई, पराग अडवण्यासाठी सोपी रीत आहे. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी ओळखू येते. ती पात्याच्या बाहेर फिकट पिवळसर टोक काढून उभी असते. त्या टोकाला शिवणाचा दोरा हलक्या हाताने बांधा, म्हणजे फूल उमलणार नाही आणि आतल्या आत स्वतःच्या परागाने फळेल. दोऱ्याचे दुसरे टोक देठाला बांधून ठेवा, म्हणजे फूल गळल्यावर कोणते बोंड बांधलेले होते ते वेचताना कळेल. लाल पडलेले फूल कालचे असते, त्याला बांधून उपयोग नाही. काही बोंडे गळतील, म्हणून प्रत्येक झाडावर पंधरा-वीस कळ्या बांधा. उशिराच्या बोंडांत गुलाबी अळी शिरते, तेव्हा हे काम याच पंधरवड्यात उरकावे.

प्रत्येक झाडाची सरकी वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर झाडाचा क्रमांक, उंची व फुलल्याची तारीख लिहा. एका ओळीत निदान तीस झाडे उभी राहतील इतक्या सरक्या टोबा, कारण चारांत एक येणारा गुण तीस झाडांत जवळजवळ निश्चित दिसतो, पाच-सहा झाडांत तो निसटू शकतो. दर चार ओळींनंतर एक ओळ पाकिटातील बियाण्याची ठेवा. सगळ्या ओळी तिच्याशी ताडून पाहता येतील, आणि जमिनीचा फरक कोठे आहे तेही त्याच ओळी सांगतील.